पुठ्ठ्याआडची कानडी

आधी टीचरबाईंचं सांगते, मग बाकीचं. बाकीचं सांगायला बसले की राग येतो, आणि रागात माणूस उपकार विसरतं. म्हणून त्यांचं आधी.

टीचरबाई म्हणजे मला तिसरीला आणि चौथीला शिकवणाऱ्या बाई. ख्रिस्ती. लग्न केलेलं नव्हतं. घराण्याचं मूळ गोव्यात बार्देशला, पण जन्म आणि नोकरी मालवणच्या किनाऱ्यावरच. शाळेत नऊवारी-पाचवारीवाल्या बायांसारखंच छापील मराठी बोलायच्या, आणि फाटकाबाहेर पाय पडला की मालवणी. चौथीत माझी शाळा सुटली तेव्हा त्या आमच्या खोपीवर आल्या. आई कौलं वाहायला जायची, धाकटा भाऊ अजून रांगत होता, त्याला बघायला दुसरं कोण होतं? टीचरबाई भांडल्या नाहीत, उपदेश केला नाही. ओट्यावर बसून पाणी प्यायल्या. तेवढंसुद्धा आमच्याकडे फारसं कोणी करत नसे. मग म्हणाल्या, "शाळा सुटली तर सुटली गो. वाचूचा सोडू नको." आणि वाचनालयातलं स्वतःचं कार्ड मला वापरायला दिलं.

ते कार्ड नसतं तर हे लिहिणारी मी नसते. इतकं लिहून ठेवल्यावर आता बाकीचं सांगायला हरकत नाही.

आम्ही कानडी. होन्नावरच्या खालच्या अंगाचे. मालवणच्या बाजूला तेव्हा बागायतदार लोक घरावरच्या झावळ्या उतरवून मंगळुरी कौलं चढवायला लागले होते. कौलं पडावातून समुद्रानं यायची, आणि कौलांबरोबर ती घालणारी माणसंही. माझा बाप, ज्याला आम्ही अप्पा म्हणायचो, असाच एका पडावातून आला. एका हंगामापुरता आला होता तो राहिला, आणि मग अम्माला, म्हणजे आईला, आणि मला घेऊन आला. आमच्यासारखी बंदराजवळ आणखी काही घरं होती. घरं कसली, खोपीच. गावातली पोरं आमच्या मागून जाताना डब्यात खडे घालून वाजवायची. आमचं बोलणं तसं ऐकू येतं म्हणे. मी मालवणी लवकर शिकले. भीतीनं शिकले, असंच म्हणायला हवं. अम्मा शिकली नाही. तिला बाजारात मासे घेता येत, भाव करता येत नसे.

पण अम्माला वाचता यायचं. आमच्या खोपींतल्या बायकांत तिला एकटीलाच. तिचे वडील, माझे आजोबा, देवळाच्या मेळ्यात यक्षगानाला गायचे. यक्षगान म्हणजे मालवणकडच्या दशावतारासारखंच, रात्रभर चालणारं, मुकुट-रंग लावून सोंगं आणणारं. अम्मानं इथल्या जत्रेत पहिल्यांदा दशावतार पाहिला तेव्हा ती माझा हात दाबून कानडीत म्हणाली, हे तर आपलंच. शेजारची बाई हसली. काय म्हणते हे तिला कळलं नव्हतं, ती नुसत्या कानडीलाच हसली.

आजोबांनी मुलीला वाचायला शिकवलं ते त्यांच्या गाण्यांच्या पुस्तकावर. पाटी नाही, मुळाक्षरं नाहीत. गाणं आधी पाठ करायचं. मग पुस्तक मांडीवर उघडून बाप गाणार आणि मुलीनं ओळीखालून बोट न्यायचं, गळा जिथं थांबेल तिथं बोट थांबलं पाहिजे. असं करता करता एक दिवस बोटाला अक्षर कळतं. लिहायला मात्र शिकवलं नाही. मुलीला लिहायला शिकवलं तर ती नको त्याला चिठ्ठ्या लिहील अशी तिकडे समजूत. तेव्हा अम्माला वाचणं येई ते त्या रीतीनं आणि शिकवणं येणार तेही त्याच रीतीनं. आजोबा गेल्यावर ते पुस्तक तिच्याकडे आलं. लग्नातली पेटी आणि ते पुस्तक, एवढंच ती माहेरचं घेऊन आली होती.

आता वाचनालयाचं. बाजारपेठेच्या टोकाला, खाली दुकान, वर वाचनालय. सार्वजनिक म्हणून पाटी होती. पण सभासद व्हायचं तर गावात स्वतःचं घर असलेल्या माणसाची जामीन सही लागायची, आणि आमच्यासाठी सही कोण करणार? टीचरबाईंनी अप्पाच्या नावानं सही करायची तयारी दाखवली तेव्हा ग्रंथपाल म्हणाले की पडावानं आलेलं माणूस पडावानं जातं, पुस्तक कुठून वसूल करू? म्हणून टीचरबाईंचं कार्ड.

त्या कार्डावर मी पुष्कळ वाचलं. कथा-कादंबऱ्यांचं कपाट मला जवळजवळ पाठ झालं. त्यात कानडी माणूस आला तर तो आचारी असायचा, आणि बोलायला लागला की पुरुषाला बाई आणि बाईला पुरुष करायचा. लोकांनी हसावं म्हणून. ज्या घरात बसून ते लोक हसत त्या घरावर कौलं कोणी घातली, ते कुठल्याच पानावर नव्हतं. मी एकदा टीचरबाईंना हे सांगितलं. मला वाटलं त्या म्हणतील, असं मनाला लावून घ्यायचं नसतं. त्या म्हणाल्या, "आमचो माणूस पुस्तकात इलो काय हातात बाटली घेवनच येता. आणि आम्ही हयसर पिढ्यान्‌पिढ्या आसव." त्यांनी आपल्या वडिलांचं कोंकणी प्रार्थनांचं आणि गाण्यांचं पुस्तक, रोमन लिपीतलं, वाचनालयाला देऊ केलं होतं. धार्मिक म्हणून ते परत केलं गेलं. पोथ्यांचं कपाट दारातच होतं, ते धार्मिक नव्हतं. एका व्यापाऱ्यानं दिलेली गुजराती पुस्तकं होती, काचेआड. कपाटही त्यानंच दिलं होतं.

वाचनालयात एक प्रथा होती. दसऱ्याच्या सरस्वतीपूजनाला ज्याला जमेल त्यानं घरचं एक पुस्तक आणून पूजेत मांडायचं. पूजेला बसलेलं पुस्तक पुन्हा घरी न्यायचं नाही, ते वाचनालयाचं झालं. अशानंच बरीचशी कपाटं भरलेली. पूजेला यायला सभासद असण्याची गरज नव्हती. अम्माला हे माझ्याकडून कळलं, आणि तिनं मनात काय धरलं कोण जाणे, त्या दसऱ्याला आजोबांचं पुस्तक धुतलेल्या पंच्यात गुंडाळून ती निघाली. अप्पा नको म्हणाला. ती त्याला म्हणाली, "तिथं आपलं एक असलं की आपल्याला तिथं जाता येईल. आणि ते कुठं जाणार आहे? कपाटातच राहील."

तिथं गेल्यावर तिनं ते स्वतः सरस्वतीपुढे ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. वाचनालयाचे कार्यवाह वकील होते. त्यांनी भाषणात कानडी भगिनीचा उल्लेख केला, सरस्वतीला भाषेची सीमा नसते म्हणाले, टाळ्या झाल्या. अम्मानं मला विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं. ती इतकी लाजली की पदराआड तोंड धरून घरी आली.

त्यानंतर दर शनिवारी दुपारी, बायकांसाठी राखलेल्या वेळेत, अम्मा कामावरून तशीच लाल धुळीची वाचनालयात जायची. मी बरोबर. तिला फक्त बसून ते पुस्तक उघडायचं होतं. ग्रंथपाल तसे दुष्ट नव्हते. पहिल्यांदा म्हणाले, अजून नंबर पडला नाही. मग म्हणाले, नाव वाचता येत नाही तर नोंद काय करू? अम्मानं नाव सांगितलं, मी मराठीत केलं. तर म्हणाले, बरं, पण ठेवू कुठं? कथांत नाही, नाटकांत नाही, पोथ्यांत नाही. कपाट ठरल्याशिवाय नोंद नाही आणि नोंद झाल्याशिवाय हातात नाही. काही शनिवार असे गेल्यावर अम्मा जायची थांबली. मला म्हणाली, असू दे, आहे ना तिथं.

ते दिवस सीमेच्या भांडणाचे होते. बंदरावर सभा व्हायच्या. कारवार आमचं, म्हणून सगळे ओरडायचे. मी लहान भावाला कडेवर घेऊन मागे उभी राहायचे आणि मला काही कळायचं नाही. कारवार त्यांना हवं होतं, कारवारच्या खालून आलेलं एक पुस्तक ठेवायला मात्र त्यांना जागा सापडत नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात अम्माची छाती धरली. कौलांची धूळ, दुसरं काय. पायरी चढताना बसायची. अप्पानं ठरवलं की पाऊस सरला आणि पडाव सुरू झाले की तिला आणि भावाला तिकडे मामाकडे पाठवायचं. मी इथंच राहायचं, अप्पाला रांधून घालायला. अप्पाला अक्षर येत नव्हतं. मला मराठी येत होतं. मामाचं पत्र आलं तर ते कानडीत येणार. ते कोण वाचणार? आमच्या खोपींत वाचता येणारी एकटी अम्मा, आणि तीच तिकडे चाललेली.

हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा ती उठून बसली. म्हणाली, पावसाळा आहे मध्ये. तेवढ्यात तुला वाचायला शिकवते. माझ्या बापानं मला शिकवलं तसं. ते पुस्तक घेऊन ये.

मी वाचनालयात गेले. दारातून आत जाईपर्यंत मनात वाक्य घोकत होते. ग्रंथपालांना म्हटलं, आईला ते पुस्तक हवं आहे, फक्त पावसाळ्यापुरतं, नोंद करून द्या नाहीतर नोंद न करता द्या. ते आधी छापील मराठीत म्हणाले की ज्याची नोंद नाही ते पुस्तक बाहेर देता येत नाही. मी म्हटलं, मग परतच द्या. तेव्हा ते मालवणीवर आले. "पूजेक बसलेला पुस्तक परत मेळाचा नाय गो. तां आता वाचनालयाचा झाला." पण निदान दाखवा म्हटल्यावर त्यांनी शोधल्यासारखं केलं, माळ्याकडे पाहिलं, आणि असेल कुठंतरी म्हणाले.

मी घरी जाऊन सांगितलं, शोधतायत. अम्मा म्हणाली, शोधू दे.

दरवर्षी आगोटीला, म्हणजे पावसाच्या आधी सगळी घरं सुक्या मासळीची आणि लाकडाची बेगमी करतात त्या दिवसांत, वाचनालयात बाइंडर यायचा. माळ्यावर बसून फाटकी पुस्तकं नव्यानं बांधायचा. खळ शिजवायचा त्याचा आंबूस वास खालच्या दुकानापर्यंत यायचा. पुस्तकाच्या पाठीला मजबुती यावी म्हणून पुठ्ठ्याच्या आत जाड कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या, त्याला अस्तर म्हणतात. अस्तराला रद्दी चालते.

पावसाळ्याच्या सुरुवातीला टीचरबाईंच्या कार्डावर मी एक कादंबरी आणली. नव्यानं बांधलेली. दमट हवेनं खळ सुटली होती आणि पाठ उघडी पडत होती. आत पट्टी दिसली. पट्टीवर गोल गोल अक्षरं.

मला वाचता येत नव्हतं, पण ती कोणाची अक्षरं हे कळायला वाचता यावं लागत नाही. मी कादंबरी तशीच उघडी धरून अम्माकडे नेली. अम्मानं पट्टी उजेडाकडे केली. ओळ मध्येच कापलेली होती, खालच्या ओळीची नुसती डोकी राहिली होती.  मग आजोबा जसे थांबत असतील तसं थांबत तिनं ती ओळ बारीक आवाजात म्हटली. लढाईवर गेलेल्या मुलाची आई दारात बसून आहे, सांजेचा दिवा हातात आहे, तो तिनं खाली कुठं ठेवावा, असं काहीतरी. कापलेला भागही तिनं म्हटला, कारण तो तिला पाठ होता. म्हणून झाल्यावर म्हणाली, "फाडलं?" एवढंच.

टीचरबाई वाचनालयाच्या कमिटीवर होत्या, एकट्या बाई. त्यांनी बैठकीत हा विषय काढला. तिथं काय झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं, तेही अर्धंमुर्धं. कार्यवाह म्हणाले की बाइंडरला माळ्यावरची रद्दी वापरायला सांगितली होती, नोंद नसलेलं ते रद्दीतच जाणार, यात कोणाचा दोष? दुसऱ्या एका सभासदानं विनोद केला, "टीचरबाय, आधी तुमचो पोर्तुगीज गोव्यातसून काढूया, मगे ह्यांच्या कानड्याक कपाट करूया." सगळे हसले. टीचरबाईंचे वडील पोर्तुगिजांच्या तुरुंगात राहून आले होते, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. टीचरबाई म्हणाल्या, मी पण हसलंय. हे मला आजही सगळ्यात जास्त लागतं.

पण त्या थांबल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं की आईला किती पट्ट्या लागतील. मी म्हटलं, सगळ्या. आणि मी रडत रडत सांगितलं की मी त्या फाडून आणीन, मला कोणाची भीती नाही. खरं तर मला सगळ्यांची भीती होती. त्या म्हणाल्या, "फाडू नको चेडवा. फाडलंस काय ती चोरी. माझ्याकडे आण, मी सोडवतंय."

मग तो सगळा पावसाळा असा गेला. नव्यानं बांधलेली पुस्तकं पाठीवरून ओळखू यायची, कापड नवं असायचं. त्यांतलं एकेक टीचरबाईंच्या कार्डावर मी आणायचे. त्यांच्या स्वयंपाकघरात चुलीवर पाण्याचं भांडं, वाफेवर पुस्तकाची पाठ धरायची, खळ नरम झाली की सुरीच्या बोथट कडेनं पट्टी सोडवायची. आपल्या वह्यांच्या पुठ्ठ्याची दुसरी पट्टी त्या आत बसवायच्या आणि पाठ पुन्हा चिकटवून वर वरवंटा ठेवायच्या. वाफेनं त्यांची बोटं लाल व्हायची. प्रत्येक पुस्तकात कानडी निघायची असं नाही. बहुतेकांत जुनं पंचांग निघायचं, एकात सभेची हँडबिलं निघाली. कानडी निघाली की त्या पट्टी माझ्या तळहातावर ठेवायच्या आणि छातीवर क्रूसाची खूण करायच्या.

संध्याकाळी अम्मा शिकवायची. पट्टी मांडीवर, ती गाणार, मी बोट नेणार. अख्खी ओळ फार थोड्या पट्ट्यांत होती. उभ्या कापलेल्या पट्टीवर तर नुसते ओळींचे मधले तुकडे, वर-खाली. गळा पुढे जायचा आणि माझ्या बोटाखालचा कागद संपायचा. अम्माला खोकला यायचा, ती थांबायची, मला वाटायचं ओळ थांबली, मी बोट थांबवायचे. मग ती हसायची. अशा रीतीनं मी शिकले. अर्धं शिकले म्हणते.

पाऊस ओसरायला लागला तेव्हा ग्रंथपालांच्या लक्षात आलं. एका पुस्तकाच्या पाठीत त्यांना शाळेच्या वहीचा पुठ्ठा दिसला, त्यावर कोणाचं तरी गणित. टीचरबाईंना बोलावलं. त्यांनी नाकारलं नाही. वाचनालयाच्या पुस्तकांची नासधूस केली असं ठरलं. पट्ट्या परत करा असंही सांगितलं, कारण त्या वाचनालयाच्या मालमत्तेचा भाग होत्या. जे पुस्तक नोंदीत नव्हतं, कपाटात नव्हतं, रद्दीत होतं, त्याच्या चिंध्या मात्र मालमत्ता! टीचरबाई म्हणाल्या, माझ्याकडे एकही पट्टी नाही. ते खरंच होतं, त्या माझ्याकडे होत्या. पुढच्या वर्षी कमिटीवर त्यांचं नाव नव्हतं. प्रकृतीच्या कारणानं, असं फळ्यावर लिहिलं होतं. त्यांची प्रकृती ठणठणीत होती. कार्डही गेलं, त्यांचं आणि माझं.

पडाव सुरू झाले तेव्हा अम्मा गेली. बंदरावर टीचरबाई आल्या होत्या, सुंठीची पुडी घेऊन. त्या दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. अम्मानं वाकून त्यांचे पाय धरले, तर टीचरबाई घाबरून मागे सरल्या आणि मग त्यांनी तिला उठवून मिठी मारली. लोक बघत होते.

मामाची पत्रं आली. मी ओट्यावर बसून बोट नेत वाचायचे, अप्पा समोर उकिडवा बसायचा. छापील वेगळं आणि हाताचं वेगळं, त्यात माझं शिक्षण तुकड्यांचं. पोचले, हे लागलं. वैद्याकडे नेलं, हे लागलं. मधलं सुटायचं, ते मी मनानं भरायचे आणि अप्पाला खरं म्हणून सांगायचे. शेवटचं पोस्टकार्ड आलं ते लहान होतं. त्यातलंही अर्धंच मला वाचता आलं. पण अम्मा हा शब्द आला आणि त्यापुढचा शब्द आला, आणि तेवढं पुरे होतं.

ती बातमी मला कोणा परक्याच्या तोंडून ऐकावी लागली नाही. पोस्टमनला, दुकानदाराला, कार्ड पुढे करून, हे काय आहे हो, असं विचारत मला बंदरभर फिरावं लागलं नाही. माझ्या आईचं जाणं मी माझ्या आईच्या अक्षरांत वाचलं. हे टीचरबाईंच्या भाजलेल्या बोटांमुळे. त्यांचे उपकार म्हणते ते हे.

आता मी खारेपाटणला असते. नवराही कौलांचंच काम करतो, आमच्यातलाच आहे. माहेरगाव मी लहानपणी सोडलं ते पुन्हा पाहिलं नाही. तिकडे गेले तर तिथली माणसं मला घाटीण-मराठी काहीतरी म्हणतील, आणि इथं मी अजून कानडीच आहे. वाचनालय इथंही आहे. मी सभासद झाले नाही. त्या पट्ट्या पत्र्याच्या डब्यात आहेत. माझ्या मुलांना मी त्यांवर शिकवायला बसले होते, पण मला गाणं पाठ नाही. आईला पाठ होतं म्हणून कापलेली ओळ पुरी व्हायची. माझ्याकडे ओळ कापलेलीच राहिली. मुलं मराठी शाळेत जातात आणि हुशार आहेत.

गोव्याची वाट मोकळी झाल्यावर टीचरबाई नोकरी संपवून बार्देशला बहिणीकडे गेल्या. गेल्या वर्षी त्यांचं पत्र आलं, दुसऱ्या कोणाकडून लिहवून घेतलेलं. डोळे गेल्यात जमा आहेत. वडिलांचं ते पुस्तक उशाशी असतं, पण वाचता येत नाही, बहिणीला अक्षर येत नाही, आणि भाचरांना कंटाळा येतो.

माझा थोरला आता पाचवीत आहे. त्याच्या इंग्रजीच्या पुस्तकावरून मी रोमन अक्षरं गिरवते आहे, दुपारी, भांडी आटोपल्यावर. या वयात हात वळत नाही, पण वाचायला हात लागत नाही, हे मला अम्मानं दाखवलं आहे. मालवणी येते म्हणून कोंकणी मला कळते. अक्षरं तेवढी लागायला हवीत. पैसे आणि सवड कधी जमेल सांगत नाही, नवऱ्यालाही अजून विचारलेलं नाही. पण टीचरबाई, तुम्ही आहात तोवर मी तेरेखोलची खाडी ओलांडून येईन, तुमच्या खाटेशी बसेन, आणि ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एकही ओळ न गाळता, तुम्हाला वाचून दाखवीन.